बंद पडली की बंद पाडली

दादा, तू गेल्यावर घरी जो यायचा तो चहा घ्यायचा आणि मग हळूच विचारायचा, "काय करायचे ते?" अजमानच्या तुझ्या बिल्डिंगमधले शेजारी सगळे नवे. लिफ्टमध्ये भेटला की हात जोडणारा, टाय लावून भाजी आणायला जाणारा माणूस, एवढीच तुझी त्यांना ओळख. तुझा रोहन प्रत्येकाला शांतपणे सांगत होता, "ही वॉज इन ऑटोमोबाइल्स." दर वेळी मला वाटायचं, आता आतल्या खोलीतून तुझा आवाज येणार, "ऑटोमोबाइल्स काय रे? हॉलस्टेडमध्ये आहे मी." 'आहे'. 'होतो' असं तू कधी म्हणालाच नाहीस. कंपनी बंद होऊन वीसएक वर्षं झाली. तिच्या अमेरिकेतल्या कारखान्याच्या जागी आता गोदामं आहेत, हेही तूच मला सांगितलंस. पण तू आपला 'आहे'.

मी थकलेय दादा. दुःखाने थकले असं म्हणायला हवं, पण खरं सांगते, कागदांनी थकले. मृत्यूचा दाखला अरबीत, मग त्याचं भाषांतर, मग शिक्का, मग त्या शिक्क्यावर दुसरा शिक्का. माणूस गेला तरी त्याचा व्हिसा कॅन्सल करावा लागतो. काउंटरवरच्या मुलीने सवयीने रोहनला विचारलं, "व्हेअर इज द ॲप्लिकंट, सर?" आणि मग स्वतःच इतकी ओशाळली, की रोहननेच तिला "इट्स ओके" म्हणून समजावलं. तू असतास तर घरी येऊन हा प्रसंग चार वेळा सांगितला असतास.

एक दिवस दुपारी दारात पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला एक उंच अरब म्हातारा उभा राहिला. हातात खजुराचा मोठा डबा. रोहनला वाटलं चुकीच्या मजल्यावर आलाय. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मोहन का सिस्टर?" तेव्हा मी ओळखलं. अबू सैफ. तुझं जुनं गिऱ्हाईक, अबुधाबीहून गाडी चालवत आला होता. आपल्यात काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तुझ्या फोटोकडे बघत नुसता बसून राहिला. वहिनींनी चहा दिला. तो घेऊन म्हणाला, "सब लोग गाडी बेचता है. मोहन मेरे को बोला, अबू सैफ, ये गाडी मत लो." हसला आणि कंदुऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. रोहन माझ्या तोंडाकडे बघायला लागला. आपला बाप गाड्या विकायचा एवढं त्याला माहीत होतं. नको घेऊ असंही सांगायचा, हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

मला मात्र ही कंपनी तोंडपाठ आहे. तूच पाठ करून घेतलीस.

लग्न होऊन मी पहिल्यांदा दुबईला उतरले, तेव्हा माझा नवरा अबुधाबीजवळ समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर होता. आठवडेच्या आठवडे तिकडेच. म्हणून विमानतळावर तू आलास, टाय लावून, त्या उकाड्यात. गाडी छोटी जपानी. मी म्हटलं, "अरे, तुझी ती अमेरिकन कुठेय?" तू म्हणालास, "हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का?" आणि विमानतळापासून देरातल्या तुझ्या घरापर्यंत, सिग्नलला थांबत थांबत, तू मला हॉलस्टेडचा इतिहास सांगितलास. मी रात्रभर झोपले नव्हते. माझ्या मनात आई, बाबा, चिंचवडचं घर, आणि तू सांगतोयस की कंपनी काढणारा मूळ हॉलस्टेड घोड्याच्या बग्ग्या बनवायचा.

त्याला कर्ज घ्यायला आवडायचं नाही. मोटारी बनवायला लागला तेव्हा भांडवलवाले आले, आणि त्यांनी काही वर्षांतच त्याला त्याच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर काढलं. हे सांगताना तू दर वेळी स्टेअरिंगवर हात आपटायचास, जणू कालच झालंय. मग एका मोठ्या ग्रुपने कंपनी विकत घेतली. त्या ग्रुपकडे पाच ब्रँड होते. पाचांचा जिना. पहिली नोकरी लागली की सगळ्यात खालची गाडी, बढती मिळाली की त्याच्या वरची, आणि बँकेचा मालक झालास की सगळ्यात वरची. हॉलस्टेड मधली पायरी. "डॉक्टरची गाडी," तू म्हणायचास, "हेडमास्तरची गाडी. ओरडत नाही, पण दारात उभी राहिली की कळतं." त्या पाच भावांच्या चुली वेगळ्या होत्या. प्रत्येकाचं इंजिन वेगळं, डिझाइनवाले वेगळे. एक भाऊ दुसऱ्याच्या पातेल्यात डोकवायचा नाही.

"आणि मग?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"मग हेड ऑफिसातले हिशेबवाले आले. म्हणाले, पाच चुली कशाला? एकच पेटवा. एकच आमटी, पाच वाट्यांत वाढा."

मागे बसलेल्या वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "झालं सुरू. तिला आधी घरी तर पोचू द्या." तेव्हा त्या हसत होत्या. ते वर्षभर मी तुमच्याकडे राहिले, नवरा समुद्रावर असेल तेव्हा. दोन खोल्यांचं घर, त्यात तुम्ही तिघं आणि मी. एकदाही मला पाहुणी असल्यासारखं वाटू दिलं नाहीत. तुझे आभार मी मानले नाहीत, बहिणीने मानायचे नसतात म्हणून. आता मानते. वहिनींचे त्याहून जास्त मानायला हवे होते.

त्या घरात जेवताना मी पुढचा इतिहास ऐकला. अमेरिकेत कुणा गिऱ्हाइकाने हॉलस्टेडचं बॉनेट उघडलं, तर आत खालच्या पायरीच्या गाडीचं इंजिन. डॉक्टरची गाडी म्हणून जास्त मोजले आणि आत कारकुनाचं इंजिन. लोक कोर्टात गेले. मग डिझेलचं एक इंजिन आलं, पेट्रोलच्या इंजिनातच फेरफार करून काढलेलं, ते रस्त्यात बंद पडायचं. "ते आपल्याकडे आलंच नाही," तू बोट वर करून सांगायचास, "आपल्याकडच्या गाडीला एकच काम होतं. बाहेर भट्टी पेटलेली असली तरी आत गारेगार." गल्फमध्ये हॉलस्टेड विकली गेली ती एसीवर. माणसं शोरूममध्ये यायची, इंजिन बघायचीच नाहीत. आत बसून एसी लावायची, डोळे मिटायची, आणि तू बाहेर उभा राहून वाट बघायचास. "त्या वेळी बोलायचं नसतं," असं तू म्हणायचास. ते मात्र मी वर्गात शिकवताना वापरते. पोरं लिहून घेतात.

एकदा तू घरी आलास आणि जेवलाच नाहीस. नवीन मॉडेल आलं होतं. जहाजातून उतरून, धुऊन, शोरूममध्ये उभं केलेलं. तू गाडीभोवती दोनदा फिरलास, कारण तुला वाटलं काहीतरी राहून गेलंय. मागे डिकीवर कंपनीचं नावच नव्हतं. पुढेही नाही. तुला वाटलं कारखान्यात विसरले. तू मॅनेजरला विचारलंस, त्याने वर विचारलं, आणि उत्तर आलं की मुद्दाम काढलंय. नावामुळे तरुण गिऱ्हाईक बिचकतं म्हणे, म्हातारं नाव वाटतं. "स्वतःच्या नावाची लाज वाटली त्यांना, नंदे," तू म्हणालास. मी हसले. मला ते विनोदी वाटलं होतं. तू ताटावरून उठून बाल्कनीत गेलास आणि वहिनींनी तुझं ताट झाकून ठेवलं.

मग बातमी आली. हेड ऑफिसने हॉलस्टेड बंद करायची ठरवली. तुमच्या शोरूमचा मॅनेजर लेबनीज, चांगला माणूस होता. त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं, की आहे तो स्टॉक विकून टाकायचा, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तरच बंद होणार असं सांगायचं. तू मात्र गिऱ्हाईक आत आलं की आधी तेच सांगायचास. खुर्ची द्यायचास, चहा मागवायचास आणि म्हणायचास, कंपनी बंद होतेय, पार्ट मिळायला पुढे त्रास होईल. मॅनेजर डोक्याला हात लावायचा, "हबीबी, हे शोरूम आहे, दवाखाना नाही. पेशंटला सगळं सांगायचं नसतं!" काहीजण उठून गेले. अबू सैफ गेला नाही. "कंपनी खलास, ठीक. एसी खलास नहीं ना?" एवढं विचारून त्याने पांढरी गाडी घेतली.

पुढची कितीतरी वर्षं सुट्टीच्या दिवशी तू शारजाच्या भंगार बाजारात त्याच्यासाठी आणि अजून पाचपंचवीस जणांसाठी पार्ट शोधत फिरलास. डिस्ट्रिब्यूटरने तुला दुसऱ्या गाड्यांच्या शोरूममध्ये घेतलं होतं, पगार कमी करून. देरातलं घर सोडून तुम्ही अजमानला आलात, भाडं परवडेना म्हणून. रोज शारजाच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन तुझी पाठ धरायची. तरी सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी तू निघालेला. वहिनी डबा द्यायच्या. मला राग यायचा. बायकोपोरं सोडून हा कुणाच्या गाडीचे दिवे शोधतोय?

राग खरं तर आईवरून होता, हे तुला माहीत होतं.

बंदची बातमी आली त्याच सुमारास बाबांच्या ओळखीतल्या एकाचं चिंचवडला शोरूम उघडत होतं. त्याला तुझ्यासारखा माणूस हवा होता. बाबा जाऊन वर्ष झालेलं, आई कॉलनीतल्या घरात एकटी. तिने मागच्या खोलीला रंग लावून घेतला, रोहनसाठी फिकट निळा. मला फोनवर म्हणाली, "मोहन येतोय." दोन महिन्यांनी म्हणाली, "मोहन म्हणतो, स्टॉक संपेपर्यंत थांबावं लागेल, कंपनीला गरज आहे." मग, "मोहन म्हणतो, जुनी गिऱ्हाइकं आहेत." पुढे तिने तुझं येणं-जाणं मला सांगायचं बंद केलं. काही वर्षांनी ती गेली तेव्हा आपण दोघं एकाच विमानात होतो, आणि दोघंही उशिरा पोचलो.

तेव्हा मी बोलले नाही. बोलले ते फार नंतर, आणि निमित्त पुन्हा तुझी कंपनीच.

मी अजमानच्या शाळेत बारावीला बिझनेस स्टडीज शिकवते. ब्रँड का बुडतात हे शिकवताना पुस्तकातली उदाहरणं पोरांना लांबची वाटतात, म्हणून मी हॉलस्टेड घेतली. फळ्यावर लिहिलं, गिऱ्हाईक म्हातारं झालं, नवं मिळवलं नाही. पाचही गाड्या सारख्या दिसायला लागल्या. आपण कुणासाठी आहोत हेच कंपनी विसरली. तुमच्याकडे जेवायला आले होते तेव्हा सहज तुला सांगितलं. तू घास तसाच हातात धरलास.

"म्हणजे मी तुझ्या वर्गात केस आहे?"

"तू नाही रे. कंपनी."

"काय लिहिलंस शेवटी? कंपनी बंद पडली?"

"मग काय लिहू?"

"पाडली लिही. पडली नाही. पोराला जेवायला द्यायचं नाही, नवं डिझाइन आलं की दुसऱ्या भावाला द्यायचं, आणि मग म्हणायचं, ह्याचं अंगच धरत नाही. ह्याला पडणं म्हणतात?"

"अरे, गाड्या विकल्या जात नव्हत्या. तूच सांगायचास की शोरूम ओस पडायचं."

"का विकल्या जात नव्हत्या, ते विचार ना!"

एका कान्याचा वाद. वहिनी म्हणाल्या, "नंदा, वरण घे." रोहन फोनमधून मान वर न करता म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ कंपनी." तू त्याच्याकडे असं बघितलंस की मलाच वाईट वाटलं. म्हणून म्हटलं, "तूच ये वर्गात. तूच सांग पोरांना."

आलास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, निळा टाय, केसांना तेल. माझ्या शाळेच्या गेटवर वॉचमनला तू "हॉलस्टेड मोटर्स" असं सांगितलंस आणि त्या बिचाऱ्याने तसंच रजिस्टरमध्ये लिहिलं. वर्गात तू सुंदर बोललास, दादा. हिंदी-इंग्रजीची खिचडी, पण पोरं हलली नाहीत. बग्ग्या, जिना, पाच चुली, बिननावाची गाडी. शोरूममध्ये एसी लावून डोळे मिटणाऱ्या माणसाची तू नक्कल केलीस तेव्हा मागच्या बाकावरचेही हसले. मला अभिमान वाटला. तेही मी तुला सांगितलं नाही.

शेवटी एका मल्याळी मुलीने हात वर केला. "सर, व्हेन यू न्यू इट वॉज ओव्हर, व्हाय डिडन्ट यू गो बॅक होम?"

तू खिडकीकडे बघितलंस. मी बाजूला उभी होते, मला वाटलं आता गिऱ्हाइकांचं सांगशील. तू म्हणालास, "व्हिसा, बेटा. व्हिसा ॲन्ड स्कूल फीज." सगळा वर्ग हसला. त्या प्रत्येकाच्या घरात तेच उत्तर होतं.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, "व्हिसा? तुझी नोकरी तयार होती तिकडे. आईने खोली रंगवली होती."

तू बेल्ट लावत होतास. तो लागत नव्हता.

"एका मेलेल्या कंपनीसाठी तू आईला एकटं ठेवलंस, दादा. लोकांच्या गाड्यांचे दिवे शोधत फिरलास. मला सांग, एवढं काय दिलं त्यांनी तुला?"

तुला चटकन राग येतो. राजकारण, क्रिकेट, हॉलस्टेड, कशावरही येतो. त्या दिवशी आला नाही. तू बेल्ट सोडून दिलास आणि म्हणालास, "एसी लाव, नंदे. गरम होतंय."

पुढे बरेच दिवस आपण बोललो नाही. मग दिवाळी आली, वहिनींनी चकल्या पाठवल्या, मी डबा परत करायला आले, तू दार उघडलंस आणि ट्रॅफिकला शिव्या दिल्यास. खलास. भांडण मिटलं नाही, नुसतं खालच्या कप्प्यात गेलं. बहीणभावांची बहुतेक भांडणं तशीच जातात. चूक माझी होती असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

तुझ्या आजारपणाबद्दल लिहीत नाही. तूही त्याबद्दल बोलायचा नाहीस. शाळा सुटली की मी दुपारी हॉस्पिटलमध्ये येऊन बसायचे आणि वहिनी घरी जाऊन आडव्या व्हायच्या. एका दुपारी तू डोळे मिटूनच बोलायला लागलास. तेच, हॉलस्टेड. पण सगळं विस्कटलेलं. बग्गीवाल्याला तू डिझेल इंजिन बनवायला लावलंस, लेबनीज मॅनेजरला अमेरिकेच्या हेड ऑफिसात बसवलंस. मी थोडा वेळ ऐकलं. मग राहवेना. म्हटलं, "थांब, असं नाही. आधी भांडवलवाले आले." आणि मीच सांगायला लागले. सगळं. एक पायरी न चुकता. मधे नर्स येऊन सलाईन बघून गेली, तिला वाटलं मी तुला देवाचं काही वाचून दाखवतेय, ती पावलं न वाजवता गेली.

शेवटाला आले आणि अडखळले. "मग हेड ऑफिसने ठरवलं, आणि हॉलस्टेड बंद..."

तू डोळे उघडलेस.

"पाडली," मी म्हटलं.

तू छताकडे बघितलंस. मग म्हणालास, "नाही गं. पडलीच असेल. कुणाला वेळ असतो पाडायला."

हसू आलं मला. इतकी वर्षं ओढाताण केली आणि शेवटी दोघांनी दोरीची टोकं बदलली, वाद होता तिथेच. मला वाटलं उद्या येऊन पुन्हा भांडू. दुसऱ्या दिवशी तू बोलण्याच्या अवस्थेत नव्हतास, आणि त्याच्या पुढच्या सकाळी रोहनचा फोन आला. त्याने मराठीत सांगितलं, "आत्या, बाबा गेले." तो मराठी बोलला म्हणूनच मला आधी कळेना.

आईचं तुला विचारायचं राहिलं. त्या दुपारी जिभेवर होतं. पण तू इतका निवांत दिसत होतास की म्हटलं, जाऊ दे.

परवा वहिनींना सोडायला विमानतळावर गेले. कायमच्याच निघाल्या त्या. अस्थी बरोबर होत्या, म्हणून रोहनही जाणार होता. तो कागद घेऊन काउंटरच्या रांगेत उभा होता आणि आम्ही दोघी बाकावर. इतके दिवस माणसांत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "दादाने तेव्हाच परत जायला हवं होतं, वहिनी. सगळं वेगळं झालं असतं. त्या कंपनीपायी राहिला."

वहिनी पर्समध्ये पासपोर्ट बघत होत्या. म्हणाल्या, "ते जाणारच होते."

"कुठे?"

"चिंचवडला. तिकिटं काढायला निघाले होते. मीच म्हटलं, तुम्ही जा, मी येणार नाही." त्यांनी पर्सची चेन लावली. "तुला सांगितलं असेल असं वाटायचं मला. सांगितलं नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"लग्नानंतर ह्यांना फॅमिली व्हिसा मिळेपर्यंत दोन वर्षं मी तिथे काढली, नंदा. हे इथे देरात, सहा जणांच्या खोलीत. तुझी आई वाईट नव्हती. पण मी किती खाते, किती वेळ झोपते, गॅलरीत कुणाशी बोलते, सगळ्याचा तिला हिशोब हवा असायचा. माहेरचा फोन आला की ती शेजारी येऊन उभी राहायची. मी बोलायचेच नाही मग. तू अभ्यास करत असायचीस बाहेरच्या खोलीत. तुला कुठून कळणार?"

मी बारावीत होते, दादा. बाहेरच्या खोलीत, दाराकडे पाठ करून.

"मी ह्यांना सांगितलं, त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. मला वाटलं चिडतील. ठीक आहे म्हणाले. बस्स. पुन्हा विषय नाही काढला, टोमणा नाही, काही नाही. आईंना फोन केला आणि कंपनीचं सांगितलं. मी तिथेच उभी होते. मग सगळ्यांना तेच सांगत राहिले."

त्यांच्या आवाजात माफी नव्हती आणि तक्रारही नव्हती. आणि ज्या बाईने स्वतःच्या सासूकडे परत जायला नकार दिला, तिनेच त्या सासूच्या मुलीला दोन खोल्यांत वर्षभर सांभाळलं होतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आईचा चेहरा समोर आला, मग पार्किंगमध्ये बेल्टशी झटापट करणारा तू. तू आईला मुलगा गमावल्याचं दुःख दिलंस, पण सुनेने नाकारल्याचं दिलं नाहीस. मला तू रागवायला एक कंपनी दिलीस. आता तीही नाही.

रोहन लांबून हात करत होता. "यल्ला, आई, लेट्स गो." वहिनी उठल्या, साडी सारखी केली, अस्थींची पिशवी छातीशी धरली. मी त्यांची दुसरी बॅग उचलली आणि तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, "तिकडे राहणार कुठे तुम्ही? रोहन तर परत येईल."

"चिंचवडला," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी. आता तिथे कुणी नाही ना."

घराची एक किल्ली माझ्याच पर्समध्ये असते, आई गेल्यापासून. मी ती काढून त्यांच्या हातात दिली. सांगितलं, "कुलूप घट्ट आहे. किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागते."

"माहिती आहे," वहिनी म्हणाल्या.